आता तुम्ही बोला

दाढ दुखायला लागली की भल्याभल्यांची बोलती बंद होते. ही तर साहित्याची प्राध्यापिका, बोलण्यावरच जिचं पोट! गाल धरून ती दिसेल त्या पहिल्या दाताच्या दवाखान्यात शिरली. तरुण दंतवैद्य पेशंटच्याच खुर्चीत पाय पसरून जाडजूड कादंबरी वाचत होता. तिला पाहताच तो धडपडत उठला, पुस्तक पायावर पडलं... आणि दुखऱ्या गालानंही तिला हसू फुटलं.

"आ करा," तो म्हणाला. "काय गोड प्रेमकथा आहे हो ही! परमुलखात राज्य करायला गेलेला साहेब, त्याच्या बंगल्यावर कामाला असलेली तिथली मुलगी. ती एकदा हसते, आणि साहेबाला कळतं, हिचं आपल्यावर प्रेम आहे. छान ना?"

"आँ... आँ!"

"बघा, तुम्हालाही पटलं!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं; दाढेमुळे कमी, रागानं जास्त.

चूळ भरल्याबरोबर ती कडाडली, "काय पटलं? अहो डॉक्टर, ही कादंबरी मी वर्गात शिकवते. सगळी गोष्ट साहेबच सांगतोय! ती मुलगी पुस्तकभर एक वाक्य तरी बोलते? राज्य त्याचं, बंगला त्याचा, लेखणीही त्याचीच. तिथं नोकरी टिकवायलाही हसावं लागतं. वसाहतोत्तर वाचन म्हणतात ते हेच. गोष्ट कोण सांगतंय आणि कुणाला बोलूच दिलं नाही, हे विचारत वाचायचं."

"मग... तिच्या मनात काय होतं?"

"तेच तर! तिला कुणी विचारलंच नाही."

रूट कॅनालच्या प्रत्येक खेपेला तो नवं काहीतरी शोधून ठेवू लागला. "मॅडम, साहेबानं घाटातून रस्ता काढला म्हणे. दगड फोडणाऱ्यांचा पत्ताच नाही पुस्तकात!" तो असं उत्साहानं सांगायचा, आणि दाढ कधी कोरून झाली हे तिला कळायचंही नाही. हा माणूस तिला फार फार आवडू लागला होता. मात्र वर्गात मुक्या पात्रांची बाजू मांडणारी ही बाई स्वतःबद्दल चकार शब्द काढत नव्हती.

शेवटी दाढेवर कॅप बसली. आता इथं यायला कारणच उरलं नव्हतं. तिनं पर्स उचलली, उगाच उघडली, पुन्हा मिटली.

"मॅडम..." तो अडखळला, "जाताना तुम्ही दर वेळी हसता. मला वाटायचं... पण नको. नुसत्या हसण्यावरून काही ठरवायचं नाही, तुम्हीच शिकवलंत." तो स्वतः जाऊन पेशंटच्या खुर्चीत बसला. "आता तुम्ही बोला. मी मध्ये बोलणार नाही." आणि त्यानं खरोखरच दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले.

तास तास बोलणाऱ्या बाईंनी पर्स पुन्हा एकदा उघडली, मिटली आणि बाजूला ठेवली.

"माझं... तुमच्यावर प्रेम आहे," ती एका दमात म्हणाली. "आणि हे कुणा साहेबानं परस्पर ठरवलेलं नाही. माझं मी सांगतेय."

"आँ... आँ!" खुर्चीतून आवाज आला.

"असं नाही चालायचं." हसत हसत तिनं त्याच्या तोंडातला कापूस काढला. "नीट शब्दांत सांगा."

मग त्यानं सांगितलं. इतकं सांगितलं, की बाहेर ताटकळलेल्या आजोबांनी दार वाजवून विचारलं, "अहो डॉक्टर, आमच्याही दाताचं काही बोला की!"