चिणलेल्या खोलीवरचा कोबा

फाल्गुनातल्या त्या दिवशी बेलफळं फोडून गर भिजत घालायचा म्हणून प्रतिक्षा सकाळीच चौकीवर पोचली. नाकाडोंगरीच्या पुढं, जंगलाच्या तोंडाशी असलेली ही पहाऱ्याची जुनी दगडी चौकी. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दहा-बारा वर्षं उलटल्यावर सरकारला तिची आठवण झाली आणि छतावरचा कोबा, म्हणजे ठोकून बसवलेला जाड थर, जुन्या पद्धतीनं, चुन्यातच, नव्यानं घालायचं ठरलं. सिमेंटवाले मिस्त्री पायलीचे पन्नास. चुन्याचा जाणकार मात्र उभ्या तालुक्यात एकच उरला होता, सत्तरी ओलांडलेले पुंडलिकराव.

नऊ वर्षं डोक्यावर घमेली वाहिलेल्या प्रतिक्षाच्या हाती त्यांनी गवंडीकामाची करणी दिली, तेव्हा गडीमाणसांनी नाकं मुरडली. म्हाताऱ्यानं कुणाला भीक घातली नाही. छत गळलं नाही तर तिला मिस्त्रीचा दाखला मिळणार होता. गळलं, तर पुन्हा घमेलं.

चुन्याचं काम म्हणजे सबुरीचं काम. महिनाभर पाण्यात मुरवलेला चुना, विटांची भुकटी, गुळाचं आणि बेलाचं पाणी. थर अंथरला की बायकांनी रांगेनं बसून तो लाकडी थापीनं दिवसच्या दिवस ठोकायचा. थापी उसळू लागली, आवाज टणक निघाला, की कोबा पिकला. तोवर उठायचं नाही. "चुन्याले घाई कराची नाही पोरी," पुंडलिकराव सांगत, "तो आपल्या टैमानं दगड होते." त्यांनी ओढलेली कड पाहत प्रतिक्षा दोन-दोन मिनिटं नुसती उभी राही. असं काम एकदा आपल्या हातून व्हावं, यापलीकडे तिला काही नको होतं.

आणि तरी तिनं माती खाल्लीच. सरकारी साहेबांची तपासणी चार दिवसांवर आली, आणि उत्तरेचा कोपरा ओला तो ओलाच. त्या दिवशी कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिनं त्या कोपऱ्याच्या मालात दोन ओंजळी सिमेंट कालवलं. संध्याकाळपर्यंत कोपरा कडक. तिनं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर बाराला बायका जेवायला झाडाखाली उतरल्या. ओली पोती पसरायला प्रतिक्षा एकटीच वर राहिली. वारा पडला होता. पानसुद्धा हलत नव्हतं. बेलाचा आंबूस वास छतावर दाटून राहिला होता.

ठप.

जवळच्या खाणीत सुरुंग उडाला असेल, तिला वाटलं. पण सुरुंग एकदा उडतो आणि संपतो. हे थांबेना. ठप... ठप... बायका ठोकतात त्याच लयीत, फक्त खालून. तळपायांना ते कळत होतं. खाली एक खोली होती खरी, पण तिचं दार कुणीतरी कधीकाळी दगडांनी चिणून टाकलेलं. छत पक्कं झाल्याशिवाय ते उघडायचं नाही, असं ठरलं होतं.

आवाज सरकत सरकत उत्तरेच्या कोपऱ्याखाली आला आणि तिथंच राहिला. एकाच जागी, सावकाश... सुनेचं चुकलेलं काम सासूनं न बोलता बोटानं दाखवावं, तसा. प्रतिक्षाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

ती धावत खाली आली. पुंडलिकराव भाकरीचं फडकं सोडत होते.

"बाबा... त्या खोलीत कोनी हाय का?"

"चिणलेली हाय ते. कोन राहीन? काहून?"

"थापी वाजून राहिली. उत्तरेच्या कोपऱ्यात."

म्हाताऱ्यानं फडकं खाली ठेवलं. "त्याच कोपऱ्यात काहून वाजते?"

तिला रडू फुटलं. "तिथं मी शिमिट घातलं, बाबा."

पुंडलिकराव रागावले नाहीत. पूर्वी कोबा ठोकणाऱ्या बाया कच्ची जागा मागं ठेवून उठत नसत, एवढंच म्हणाले, आणि भाकरी पुन्हा बांधून ठेवली. "खोदून टाक. मी बसतो तुह्या संगं."

उकरल्यावर सिमेंटचा थर खालच्या चुन्यापासून सुटून पापडासारखा हातात आला. पहिल्याच पावसात तिथून धार लागली असती. तपासणी पुढं ढकला म्हणून पुंडलिकराव स्वतः साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. कोपरा नव्यानं भरला आणि टणक होईपर्यंत ठोकला. त्या दिवसांत खालून काही वाजलं नाही. पण प्रत्येक थापीला कुणीतरी कान देऊन बसलंय, असं प्रतिक्षाला वाटत राही. तिला भीती वाटायची, आणि त्याहून जास्त, आपलं काम त्या कानांना पटावं असं वाटायचं.

शेवटी छताच्या कडेनं बांध घालून तीन दिवस पाणी तुंबवलं. चौथ्या दिवशी दाराचे दगड काढले. भगदाडातून सगळ्यांत आधी आत शिरली ती प्रतिक्षा. मागून साहेबांनी टॉर्च फिरवली. छत कोरडं ठणठणीत. उत्तरेचा कोपराही. पास, साहेब म्हणाले, आणि बाहेर बायकांचा एकच गलका झाला.

प्रतिक्षा जागची हलली नाही. तिच्या पायाशी एक थापी पडली होती. मूठ झिजून तिच्यावर चार बोटांच्या खाचा उमटलेल्या, एखाद्या बाईच्या लहानशा हाताच्या. थापीच्या तोंडाला चुना लागलेला, ओला.

ती वाकली. दोन्ही हातांनी, आदरानं, तिनं थापी उचलली.

मूठ अजून गरम होती.