पाच रिकाम्या कुंड्या

कुंड्या एकूण बावन्न होत्या. कुंगने त्या दोनदा मोजल्या, एकदा फाटकापासून फणसापर्यंत आणि एकदा उलट. पिवळ्या फुलांच्या अडतीस. पांढऱ्या फुलांच्या नऊ. आणि फणसाखाली, एकात एक घालून ठेवलेल्या, साफ रिकाम्या पाच.

"जांभळी शून्य!" तिने वहीत लिहिलं, आणि पेन्सिलीचं टोकच मोडलं.

"नीट बघ ना, ताई. कुठेतरी मागे असतील," तिचा धाकटा भाऊ मोद म्हणाला.

"कुंड्या काय लपाछपी खेळतात?"

तेवढ्यात शेजारचा फाय कुंपणावरून आत उतरला. फाय म्हणजे बांबू, आणि बाराव्या वर्षीच तो नावाला शोभेल एवढा वाढला होता. "शाळेला चार दिवस सुट्टी, आणि तुम्ही कुंड्या मोजताय? चला कालव्यावर!"

"कालवा नंतर!" कुंग म्हणाली. "आज संध्याकाळी आजोबा पुआंगआजीला घेऊन येतायत."

हे ऐकून फायनेही कालव्याचा नाद सोडला. उद्या वर्षावासाचा, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या मुक्कामाचा, पहिला दिवस. फ्रा फुत्थबात गावात त्या दिवशी भिक्खूंच्या पात्रांत फुलं घालतात, आणि तीही हीच, आलं-हळदीच्या कुळातली, ऐन आषाढात उमलणारी. पिवळी कुठेही मिळतात. जांभळी मात्र दुर्मिळ. पुआंगआजी ही आजोबांची थोरली बहीण. चाळीस वर्षांपूर्वी तिने डोंगरावरून एक जांभळा गड्डा आणला होता. त्याच्याच पाच कुंड्या झाल्या होत्या, आणि दरवर्षी ती तीच फुलं वाहायची. यंदा तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं. फेब्रुवारीपासून आजोबा लोपबुरीला तिच्यापाशीच होते.

"काल फोनवर आजीने एकच विचारलं," कुंगचा आवाज बारीक झाला. "जांभळं उमललं का? आणि मी म्हटलं, हो, भरपूर!"

"न बघता?"

"न बघता."

"तू? वहीवाली कुंग?" फायने डोक्याला हात लावला. "मग आता शोधायलाच हवं!"

जुकमामा पडवीतल्या झोळीत तोंडावर टोपी ठेवून पसरला होता. मामा गवंडी. त्याची भिंत सरळ असायची, उत्तर मात्र कधीच सरळ नसायचं.

"मामा, फणसाखालच्या कुंड्यांतलं झाड कुठे गेलं?"

"कसलं झाड? नुसती माती होती. मार्चमध्ये बघितलं मी. एक पान नाही!"

"अरे मामा, मार्चमध्ये सगळ्या बावन्न कुंड्या तशाच दिसतात! पानं वाळतात, गड्डे आत झोपतात. मे महिन्यात पाऊस पडला की उठतात!"

"म्हणजे माझ्यासारखेच," टोपीखालून उत्तर आलं.

"मामा! ती माती कुठे टाकलीस?"

"आठवत नाही. मातीचा काय पत्ता लिहून ठेवतात?" मामा घाईघाईने उठला. "मला दोन वाजता काम आहे." आणि तो सिमेंटची गोणी हातगाडीवर चढवायला निघून गेला.

"आठवतंय त्याला!" मोद कुजबुजला. "कान बघितलेस? लाल झाले होते!"

"लाल कान हा पुरावा नाही," कुंग म्हणाली. तिने रिकाम्या कुंड्या एकेक करून उन्हात फिरवल्या. तिसरीच्या काठावर बोटभर लांब सोनेरी रंग लागला होता. पाचवीवरही तसाच एक ठिपका.

"मामा कामं कॅलेंडरवर लिहितो!" मोद ओरडला आणि स्वयंपाकघरात पळाला.

मार्चच्या पानावर तीन कामं होती. शाळेचा संडास. भातगिरणीची भिंत. सायपिन, राखणदाराचं घर.

"संडास निळा आहे," फाय बोटं मोजत म्हणाला. "गिरणीला चुना मारलाय. सोनेरी रंग फक्त..."

"राखणदाराच्या घराला!" तिघं एकदम म्हणाली.

कुंगने पानं उलटून जुलै काढला. आजच्या चौकोनात मामाच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: सायपिन, फरशी, दोन वाजता.

घड्याळात पाऊण वाजला होता.

तिघं दोन सायकलींवर सुटली. पाच कुंड्या फायच्या कॅरिअरवर बांधल्या होत्या आणि खड्डा आला की ढोलासारख्या वाजत होत्या.

सायपिनमावशीच्या शेवयांच्या दुकानापुढे राखणदाराचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं, छोटंसं सोनेरी घर एका खांबावर उभं होतं. खाली विटांचा चौथरा, त्यात भरलेली माती. मातीवर लाकडी हत्तींची रांग, पण हत्तींच्या फक्त सोंडा दिसत होत्या. बाकी सगळी हिरवी पानं! मोद गुडघ्यांवर बसला आणि त्याने पानं बाजूला केली.

"ताई!!"

आत जांभळे झुबके लोंबत होते. कुंगने पानाचा तुकडा चुरगळून वास घेतला. आल्याचा! झुबक्यांतून चिमुकली पिवळी फुलं डोकावत होती. "तेच आहे. जांभळी असतात ती फुलांखालची पानं. फूल पिवळंच असतं."

"हात लावू नका!" सायपिनमावशी पळी उगारून बाहेर आली. "राखणदाराची माती आहे ती. गुरुजींनी मुहूर्त बघून भरून घेतलीय!"

"मावशी, हे आमच्या आजोबांचं झाड आहे."

"झाड? तण माजलंय नुसतं! माझे हत्ती दिसेनासे झाले. म्हणून तर आज जुककडून वर सिमेंट ओतून फरशी बसवून घेतेय."

मोदने निरागस चेहरा केला. "मावशी, माती उकरायला राखणदाराची परवानगी लागते?"

"लागते तर!"

"मग त्याच्या मातीवर सिमेंट ओतायला नाही लागत?"

पळी हवेतच थांबली. "जुकने... जुकने विचारलं असेल त्याला."

"मामाने?" फाय हसता हसता सायकलीवर रेलला. "मामा आमच्या फाटकातून येतानासुद्धा विचारत नाही!"

मावशीने तडक गुरुजींना फोन लावून माती आणि सिमेंट, दोन्हींचं विचारलं. आधी खोकला ऐकू आला, मग आवाज. "नऊ उदबत्त्या लाव, लाल सरबत ठेव आणि कारण स्पष्ट सांग. उदबत्त्या संपेपर्यंत काही अशुभ घडलं नाही तर परवानगी मिळाली समज. पण थांब, सिमेंट? कोण ओततंय सिमेंट? सायपिन!"

"कोणी नाही, गुरुजी! कोणीच नाही!" मावशीने फोन ठेवून दिला.

मोदने लाल सरबताची बाटली ठेवली. "स्ट्रॉ?"

"हवीच! राखणदार काय बाटली तोंडाला लावणार?" मावशी म्हणाली.

कुंगने हात जोडले. "आम्ही कुंग, मोद आणि फाय. हे झाड एका आजीचं आहे. दुसरीकडे कुठेच ते उरलेलं नाही. उद्या तिला वाहायचंय. थोडं तुमच्यासाठीही ठेवू."

एक वाजून बावीस मिनिटांनी उदबत्त्या पेटल्या. फायने मोदच्या शाळेच्या पट्टीने मोजमाप सुरू केलं. "दहा मिनिटांत साडेचार सेंटिमीटर जळली. उरली साडेबावीस. म्हणजे अजून पन्नास मिनिटं."

"दोन बावीस!" कुंग म्हणाली. "आणि मामा येणार दोनला!"

मध्येच एक मांजर हत्तींवर उडी मारून गेलं. "हे अशुभ धरायचं का?" मोद घाबरला.

"माझंच आहे ते," मावशी म्हणाली. "त्याचं काही धरायचं नाही."

दोनला पाच कमी असताना हातगाडी खडखडत आली. मुलांना पाहून मामाचे कान पुन्हा रंगले. "तुम्ही इथे काय करताय? सरका! सिमेंट कालवून आणलंय मी, घट्ट होईल!"

"होऊ दे घट्ट," मावशीने त्याला खांदे धरून बाकावर बसवलं आणि पुढ्यात वाफाळता वाडगा आदळला. "आधी खा. आणि खाता खाता सांग, ही माती कुठली?"

मामाने एक घास घेतला. दुसरा परत वाडग्यात सोडला. "मला मे महिन्यात कळलं," तो शेवटी म्हणाला. "कोंब वर आले तेव्हा. पण आजोबांना सांगायचं कसं? म्हटलं, फरशी बसली की कोणाला दिसणार नाही."

"मामा, आजीला दिसलं असतं," कुंग म्हणाली. "फणसाखाली, रिकाम्या कुंड्या."

मामाने वाडगा बाजूला सारला, तो चौथऱ्यापाशी जाऊन उकिडवा बसला आणि उदबत्त्यांकडे बघत राहिला. दोन बावीसला शेवटची उदबत्ती विझली. काहीही अशुभ घडलं नव्हतं.

"मुळांना धक्का लागला तर फुलं माना टाकतील," कुंगने बजावलं. "मातीच्या ढेकळासकट उचलायचं!"

"तू सांग, मी कापतो," मामा म्हणाला. त्याने एका बाजूच्या विटा अलगद सुट्या केल्या आणि थापी आडवी आत सरकवली, केकखाली सुरी घालावी तशी. ढेकूळ एकही तडा न जाता बाहेर आलं. एकामागून एक पाचही कुंड्या भरल्या. दोन गड्डे राखणदारासाठी तिथेच ठेवले, आणि हत्ती पुन्हा दिसू लागले!

संध्याकाळी पुआंगआजी चाकांच्या खुर्चीतून अंगणात आली. फणसाखाली खुर्ची थांबताच तिने हात लांबवून एका झुबक्याला बोट लावलं. कुंगने सगळं सांगितलं. न बघता 'हो' म्हटल्याचंही.

"न बघता बोललीस, पण मग बघायला गेलीस," आजी म्हणाली. "आमच्यात तेवढंही कोणी करत नाही. काय रे, जुक?"

मामाने मान खाली घातली. आजोबांनी तिन्ही मुलांच्या पाठी थोपटल्या. "मी इथे असतो तर झाड हरवलं हे मलाही कळलं असतं. पण शोधायला कॅलेंडर बघावं, हे मला सुचलं नसतं! पुढच्या मार्चपासून या कुंड्यांची जबाबदारी तुमची."

"आणि मी?" मामाने विचारलं.

"तू पाट्या लिही. 'झोपले आहेत, उठवू नये.'"

दुसऱ्या दिवशी आजीची खुर्ची विहाराच्या रस्त्यालगत लावली. फुलाच्या देठासोबत एक मेणबत्ती आणि एक उदबत्ती, अशा जुड्या मुलांनी बांधल्या आणि एकेक करून तिच्या हातात दिल्या. भिक्खूंची रांग टेकडीकडे सरकू लागली. प्रत्येक जण आजीपुढे थांबला.

कुंगने वहीत लिहिलं: जांभळे देठ तेवीस. पात्रं तेवीस. वेळ, अकरा मिनिटं.