येतंय का ऐकू मागे?

विश्वास ठेवा अथवा नका ठेवू, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. थंडीतल्या एका संध्याकाळी, आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात हे घडलं.

मी भाषा शिकवते. शिकवून शिकवून घसा बसला, तो बसलाच. मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचेना. तेव्हा वर्गात स्पीकर लावायला लावले ते गणिताच्या बाईने. माझी जिवलग. माझ्यासाठी सगळ्यांशी भांडली. तिचा स्वतःचा आवाज असा, की आम्ही तिला ‘भोंगा’च म्हणायचो.

रोज सकाळी माझा माइक आधी ती स्वतःच्या गळ्यात घालून त्यावर टिचक्या मारायची. “येतंय का ऐकू मागे?”

मी शेवटच्या बाकावरून ओरडायचे, “येतंय गं बाई, कान फुटले!”

पोरं खरंच सुधारली. मागची झोपाळू मंडळीसुद्धा हात वर करायला लागली.

मग भोंगा गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. मी किती रडले, माझं मला माहीत.

थोड्याच दिवसांत मोठ्या बाईंनी माझा वर्ग काढून घेतला. “तुमच्याबद्दल तक्रार होती. आता वाचनालय सांभाळा.” कुणाची तक्रार, ते सांगेनात. तो वर्ग म्हणजे माझा जीव होता हो.

त्या संध्याकाळी मी सामान आवरायला गेले. शाळा सुटलेली. माइक कपाटात, कुलपात. स्पीकरचं बटण बंद.

आणि...

टक. टक.

“येतंय का ऐकू मागे?”

मी मटकन शेवटच्या बाकावर बसले. पण खरं सांगते, आनंदही झाला. नकळत तोंडून निघालं, “येतंय गं.”

स्पीकरमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तोच आवाज, अगदी हळू...

“मोठ्या बाई, तिच्यात आता दम नाही उरला. माइक देऊनही पोरांना काही कळत नाही. तो वर्ग मला द्या. फक्त माझं नाव सांगू नका हं. मैत्रीण आहे ना.”

पुढे काहीच नाही...

सकाळी मी ती वाक्यं जशीच्या तशी मोठ्या बाईंना ऐकवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“तेव्हा केबिनमध्ये आम्ही दोघीच होतो... तिच्या गळ्यात माइक होता खरा. बंद करायचा विसरली असेल. पण तेव्हा वर्ग तर रिकामा होता, ऐकणार कोण!”

केसाने गळा कापला तिने. आणि मी तिच्यासाठी रडत बसले होते.

आता मी वाचनालयात बसते. इथे माइक नाही, स्पीकर नाही.

तरी परवा, भर दुपारी, कपाटांच्या मागून...

टक. टक.

“येतंय का ऐकू मागे?”

मी ओठ घट्ट मिटून घेतले. ‘येतंय’ म्हटलं, की ती पुढचं बोलायला लागेल.

तिने अजून कुठे कुठे काय सांगून ठेवलंय, ते ऐकायची माझी हिंमत नाही.