पालथा दगड

"चोर सापडला, की त्याचं नाव मी चौकातल्या फळ्यावर लिहीन! या एवढ्या मोठ्या अक्षरांत!" गल्लीत सगळे जिला 'फौजदार' म्हणत, त्या पोरीने इस्त्रीवाल्या मावशींच्या टेबलावर मूठ आपटली.

"आधी माझं टेबल सोड, बाई!" मावशी म्हणाल्या.

परक्या साहेबाची जुनी हवेली गेल्या वर्षी पाडली आणि तिथे बाग झाली. उद्या उद्घाटन! ती हवेली बांधताना भिंत कोसळून मजूर गेले होते. त्यांची नावं कोरलेला दगड मागच्या जिन्याखाली होता. त्यात मावशींच्या पणजोबांचं नाव होतं. पाडापाडीत दगड गायब झाला आणि बागेच्या पाटीवर नाव आलं ते एकट्या साहेबाचं. "दगड दाखवा, मग बघू," असं म्हणून बागेच्या इंजिनिअरसाहेबांनी, मजुरांचीही नावं लावा म्हणणाऱ्या मावशींना वाटेला लावलं होतं.

"दगड ओळखायचा कसा?" फौजदारचा मित्र चष्मिस याने विचारलं.

"काळा आहे. कडेला वेल कोरलीय."

सुट्टीच होती. फौजदार, तिचा धाकटा भाऊ पिल्लू आणि चष्मिस यांनी गाव पालथं घातलं. आणि काय सांगावं! हवेली गावभर वाटली गेली होती! बेकरीच्या खिडकीला तिचे गज, सायकलवाल्याच्या पायरीला तिची फरशी, आणि मुख्याध्यापकांच्या अंगणात तिचं संगमरवरी बाक!

"पडूनच होतं, म्हणून उचललं," सगळ्यांचं उत्तर एकच. फौजदारने सगळ्यांवर डोळे वटारले. मुख्याध्यापकांवरसुद्धा!

दगड मात्र मिळाला नाही. संध्याकाळी तिघं चिखलाचे पाय घेऊन फौजदारच्या घरामागच्या नळावर आली. धुण्याच्या दगडाच्या कडेला पिल्लू टाच घासू लागला. तिथलं शेवाळ निघालं, आणि तो किंचाळला, "ताई! वेल!"

चष्मिसने पहार आणली. तिघांनी जोर लावून दगड उलटा केला. खाली झिरपलेला साबण अक्षरांत पांढराफटक साचला होता. नावं! एकाखाली एक!

बाबा मागच्या दारात उभे होते. ते मुकादम, हवेली त्यांच्याच माणसांनी पाडली होती.

"मागची बाजू खरबरीत, कपडे छान निघतात... म्हणून पालथा टाकला," ते पुटपुटले. "वाचलंच नाही गं मी."

फौजदारचे कान तापले. याच दगडावर तिने स्वतःचे मोजे दणादण आपटले होते.

"बागेतच सापडला म्हणून सांगू," चष्मिस कुजबुजला. "कोणाला कळतंय?"

क्षणभर तिला ते पटलं. मग पटल्याचीच इतकी लाज वाटली, की तिला रडू फुटलं.

सकाळी चौकातल्या फळ्यावर तिने लिहिलं, 'दगड आमच्या घरी होता. त्यावर मी कपडे धुतले.' खाली स्वतःचं नाव. मागून बाबा आले. त्यांनी खडू मागून घेतला आणि तिच्या नावाच्या वर, या एवढ्या मोठ्या अक्षरांत, आपलं नाव लिहिलं.

मग हातगाडीवरून दगड बागेत गेला.

"शाब्बास, पोरांनो!" इंजिनिअरसाहेब घाम पुसत म्हणाले. "पाटी आजच उतरवतो!" टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या, पण खाली बघून. फौजदारलाही मान वर करवेना. ती ब्रश घेऊन अक्षरांतला साबण खरवडायला बसली.

मावशींनी तिचा हात धरला. "राहू दे गं. पांढरं आहे, म्हणून मला वाचता येतंय."

आणि एकेका नावावरून फिरणारं त्यांचं बोट एका नावावर थांबलं.