रिकाम्या सीटचा पट्टा

अक्कलकोट रोडवरचा शिवलिंगप्पा गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. हात चांगला, पण भुताचं नाव काढलं की दात काढणारा. पाणी वाळलं की विषय संपला म्हणणाऱ्यांनी त्याची ही गोष्ट ऐकावी.

त्या दुपारी शाळेतल्या सरोजिनीबाई गाडी घेऊन आल्या.

"शेजारच्या सीटवर कुणी नसतं, तरी पट्टा लावा म्हणून वाजत राहतं. उद्या ओवीला हॉस्टेलवरून आणायचंय. लेकीला त्या सीटवर बसवून हे ऐकवायचं नाही मला."

पावसाळ्यात ही गाडी सीना नदीच्या पुराच्या पाण्यात घसरून पुलाच्या कठड्यावर आदळली होती. चालवत होत्या बाई. त्या वाचल्या. शेजारी बसलेले त्यांचे यजमान, वेणीमाधवराव, गेले.

"कपलरात ओल गेली असंल की," शिवलिंगप्पा म्हणाला.

आधी बॅटरीचा मायनस काढला. मग सीटखाली हात घालून कपलर, म्हणजे वायरींचा सांधा, सोडवला. पिनांवर हिरवा गंज. स्प्रे मारला, जुन्या टूथब्रशनं घासलं, हवेनं वाळवलं, व्हॅसलीन लावलं. गढूळ पाण्याचा वास मात्र जाईना. बॅटरी जोडून चावी फिरवली.

टिंग... टिंग... टिंग...

पुन्हा उघडून पाहिलं. कोरडं ठाक. शेवटी सीटकडचा कपलर सुटाच मुठीत धरला. आता वाजायचं काही कारणच नव्हतं.

टिंग... टिंग...

"बाई..." त्याचा आवाज उतरला. "खोटी क्लिप मिळती. पट्ट्याच्या खाचंत खोचली की गप बसतंय. समदी लावत्यात."

"तीच लावून बसले होते हे." बाईंचा चेहरा हलला नाही. "मी पट्टा लावा म्हणत होते. म्हणाले, गाडीपेक्षा तूच जास्त वाजतेस."

मग त्या दारातून वाकल्या आणि रिकाम्या सीटला रोजच्यासारखं दटावलं, "लावा की हो आता तरी."

पट्टा सरकला. खट्.

टिंगटिंग थांबली.

सीटखाली वाकलेल्या शिवलिंगप्पानं मान वर केली. पट्टा सीटला टेकला नव्हता. मधे माणसाच्या पोटाएवढी जागा सोडून ताणून बसला होता.

"बाई," तो म्हणाला, "ओवीला मागं बसवा."

"हो," बाई म्हणाल्या. "मागंच बसवते."

कपलर परत जोडायला त्यानं मूठ उघडली. घासून, वाळवून ठेवलेल्या पिनांमधून गढूळ पाणी ठिबकत होतं, आणि खळत नव्हतं.