बर्फाचा हॉल

धुरपता गेली ती खराटा आणायला. एवढंच काम होतं बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी येऊन हॉल पाडणार, अन् हिचा खराटा आत राहिलेला. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रं न्हाई.

लातूरच्या कडेला तो पत्र्याचा हॉल. आधी तिथं बर्फाचा कारखाना होता. लग्नाच्या सरबताला बर्फाची लादी तिथलीच, मयताला बी तिथलीच. कुणाचं लेकरू लांबून यायचं असलं की मयत तिथंच लादीवर ठेवायचे, भोवती भुसा. शेवटचं तोंड बघायला मिळावं म्हणून. मग दुष्काळात पाणी आटलं, कारखाना बसला. शाळेतल्या खेळाच्या शरदचंद्र सरांनी फरशी गुळगुळीत करून घेतली अन् चाकाच्या बुटावरची हॉकी चालू केली. पोरं गरागरा फिरायची, काठ्या आपटायच्या, आयाबाया बाकड्यावरून टाळ्या पिटायच्या. पर पल्याडच्या गोलाच्या जाळीपाशी, जिथं आधी मयतं ठेवायचे, ती जागा कधीच तापली न्हाई. पोरं तिथं पाण्याच्या बाटल्या गार करायची.

धुरपता कारखान्यात बी झाडूवाली, हॉलात बी. अन् लई खट्याळ. त्या जागंवर हात टेकवून गार करायची, अन् बूट बांधत बसलेल्या पोरीचे डोळे मागून झाकायची. "वळख कोण? नाव घेतल्याबिगर हात निघायचा न्हाई!"

ही खोडी मूळची तिच्या लेकीची, नऊ वर्षांच्या राजकन्याची. कारखाना चालू होता तवाची गोष्ट. धुरपता भावाकडं मुखेडला निघाली, तर पोरीनं मागून डोळे झाकले. हिनं मुद्दाम सगळ्या गल्लीची नावं घेतली, पोरीचं सोडून. "अयोध्या? पंचशीला? गुंडप्पाची म्हातारी?" पोर आधी खिदळली, मग रुसली. तेवढ्यात यष्टी आली. धुरपता ते हात झटकून पळाली.

तिसऱ्या दिवशी पोर तापानं गेली. मायसाठी लादीवर ठेवली होती, पर लाईट गेली अन् बर्फ वितळलं. माय पोचायच्या आत लोकांनी उरकून घेतलं. तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच.

राखणदार अंगदनं कुलूप काढलं. "मावशी, नवा खराटा घ्या की. आतली लाईट तोडलीय."

"का रे, भिऊन राहिलास? मग मिशा कशाला ठेवल्यास?"

"खराट्याचं सांगू नका मला. रोज त्या गोलापाशी कुणाशी बोलता ते ऐकलंय मी."

धुरपताचं हसू गेलं. "एकडाव तोंड बघते रे तिचं. उद्या ती जागा बी ऱ्हाणार न्हाई."

आत अंधार. उन्हानं पत्रा कडकड वाजायचा. अन् भुश्याचा वास येत होता, ओल्या भुश्याचा... भुसा तर कधीचाच फेकलेला. धुरपता गोलापाशी बसली. फरशी गार. कुठंतरी थेंब पडून राहिले होते. टप... टप...

मागून दोन हात आले. तिच्या डोळ्यांवर बसले. बारके, ओले, बर्फासारखे.

धुरपता खुदकन हसली. "राजकन्या," ती म्हणाली. "माझी राजकन्या. काढ गं हात. तोंड बघू दे."

हात निघंनात.

"बरोबर सांगितलं की गं, राजे..."

हात अजून दाबले.

पोर अजून रुसलेली हाय का? का त्या लादीवर निजलेलं दुसरंच कुणी हाय...?

अंगद बॅटरी घेऊन आत आला तवा म्हातारी एकलीच बसलेली. डोळे टक्क उघडे. अन् एकेक नाव घेऊन राहिलेली.

हॉल पडला. डॉक्टर म्हणतात, डोळे धड हायेत. पर तिला दिसत काईच न्हाई. ओसरीवर बसून नावं घेती. लादीवर ठेवलेली आठवतील तेवढी मयतं झाली, गल्ली झाली, आता गाव बी संपत आलं. मधूनच म्हणती, "राजकन्या?" अन् थांबती. मग पुढचं नाव.

शेजारची पंचशीला रोज सकाळी तिचं तोंड पुसती. पापण्या गार लागतात. फडक्याला ओला भुसा येतो.

काल पंचशीलानं हळूच इचारलं, "मावशी, हात लहान हायेत ना गं? मग पोरच असंल तुजी."

धुरपतानं पापण्यांवरून बोटं फिरवली.

"आधी लहान होते," ती म्हणाली. "आता वाढून राहिलेत."