बाबारावचा डावा कान

बाबारावचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. त्या कानाला ऐकू काहीच येत नसे, वास मात्र येई, म्हणून पंगतीत तो आपण होऊन टोकाला बसे. रोज सकाळी त्याची बायको पंचफुला त्याला कापसाचा ताजा बोळा करून द्यायची आणि तो कानात खुपसून बाबाराव राजूरकडच्या एका खाणीत पहिल्या पाळीला जायचा.

आणि काम तरी काय, तर कानाचंच! कोळसा फोडण्याआधी छत तपासावं लागे. त्याचा जोडीदार रामधन सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारेने, छतावर तीन ठोके मारी, बाबाराव आपला उजवा, धड कान वर करून ऐके. छत घट्ट असलं तर आवाज खणखणीत येई, सुटलेलं असलं तर बदबद. ठोकणाऱ्याने स्वतः मत द्यायचं नाही, ही तिथली रीत. बाबाराव "पक्कं" म्हणाला की मगच माणसं पुढे सरकत.

एकोणीसशे साठच्या श्रावणात उजवा कानही फुटला. लोक विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे वाटू लागले. सांगितलं असतं तर फार तर कोळशाच्या गाड्या ढकलायला लावलं असतं. पण आधीच नासक्या कानाचा, त्यात आता ठार बहिरा, हे ऐकून घ्यायची त्याला लाज वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तो गप्प राहिला.

अशात एक दिवस रामधनची सब्बल तीनदा वर गेलेली त्याला दिसली. आवाज आला नाही.

"कसं हाय?" रामधनच्या ओठांवरून त्याने ओळखलं.

"पक्कं."

रामधन दोन पावलं पुढे गेला आणि छत खाली आलं.

चौकशीत सगळे म्हणाले, दगडाचा काय भरवसा! रामधनची बायको तानाबाई तर बाबारावच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "यात तुमच्या कानाचा काय दोष, भाऊ?" तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्याने मान खाली घातली, आणि लोकांना ते दुःख वाटलं.

पावसाळा सरला, उजवा कान सुकला, बाबाराव पुन्हा कामावर गेला. नवा जोडीदार मारोती सब्बल खांद्यावर घेऊन उभा होता. तेवढ्यात बाबारावला तीन ठोके ऐकू आले. बदबद. डाव्या कानात.

"मांगं हो!" तो ओरडला.

"अजून ठोकलंच कुठी मी?" मारोती म्हणाला. पण सगळे मागे आले, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत तिथला दगड सुटून पडला.

असं आणखी दोनदा झालं. "बाबारावचा कान म्हंजे सोनं हाय," असं लोक म्हणू लागले. त्याला ते ऐकवेना. कामावरून येऊन तो बोळा काढी, तेव्हा बोळ्याचं बाहेरचं टोक पांढरं असे आणि आतलं कोळशाने काळं.

वणीच्या डॉक्टरने डाव्या कानात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. "आत पडदाच उरला नाही. या कानाने ऐकू येणं शक्य नाही."

मग ठोके घरीही येऊ लागले. हातात घास घेतला की तीन.

"काहून जेवत नाही?" पंचफुलाने विचारलं.

"तानाबाईकडं जाऊन येतो."

दुपारची वेळ होती. तानाबाई दारात तूर निवडत होती. बाबाराव उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"त्या दिवशी मले ऐकूच आलं नव्हतं, बाई. लाजेपायी मी पक्कं म्हटलं. रामधनले मीच मारलं."

तिचे हात थांबले. तिने आतल्या कोपऱ्याकडे बोट केलं. रामधनची सब्बल. खाणीतून त्याच्या डब्याबरोबर घरी आलेली.

"ते घेऊन जा. रोज पुसून ठेवतो मी. रोज सकाळी टोक ओलं रायते."

बाबारावने सब्बल उन्हात आणली.

टोक ओलंच होतं. त्याला कापसाची एक तार चिकटली होती.

आपल्या कानाचा वास ओळखायला त्याला टोक नाकाजवळ न्यावं लागलं नाही.